हाकेचं माहेर

सुमेधा रामटेकेच्या आवाजाबद्दल अख्ख्या शाळेचं एकमत होतं: तो प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात मागे असावा. गाण्याच्या बाईंनी तर तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, आणि सुमेधाने ते इतकं मन लावून केलं की स्नेहसंमेलनात समूहगीतापेक्षा तिच्या हावभावांनाच जास्त टाळ्या पडल्या. पण घरामागच्या शेडचं दार उघडून तिने "येऽऽ टुर्र टुर्र, ती ती ती" अशी हाक घातली की भाताच्या तुसावर पसरलेली कोंबड्यांची पांढरी गर्दी एकदम उठायची आणि एकमेकींच्या पाठीवरून धडपडत तिच्या पायांशी यायची. असे श्रोते मिळाल्यावर शाळेचं मत कोण विचारतो?

कोंबड्या मांसाच्या होत्या, म्हणजे ब्रॉयलर. वैनगंगेच्या काठावरच्या त्या गावात घरोघरी धान होतं, त्यामुळे शेडमध्ये अंथरायला तूस फुकट. तेवढ्या एका फुकट गोष्टीच्या भरवशावर बाबांनी, म्हणजे होमराज रामटेकेंनी, एसटी आगारातली मेकॅनिकची नोकरी सांभाळून हा घरगुती धंदा मांडला होता आणि दोनदा तोंडघशी पडले होते. पहिल्या खेपेला ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा, दिवा गेला. थंडीने पिल्लं एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. दुसऱ्या खेपेला पाण्याची भांडी गळून तूस ओलं राहिलं. त्यातून असा उग्र वास सुटला की माणसाचे डोळे झोंबावेत. त्या वासाने पिल्लांची छाती धरली, पुढे खोकला, आणि मग रोज सकाळी मेलेल्या पिल्लांनी घमेलं भरून चुन्याच्या खड्ड्याकडे जाणं.

"बास झालं," बाबा म्हणाले होते. "शेडमध्ये गाड्या दुरुस्त करीन. स्कूटर तरी खोकत नाही."

"तुमची खोकते," सुमेधा म्हणाली. "बाबा, एक बॅच मला द्या. सगळी मी बघते."

नववीतल्या पोरीने काय बघायचं, असं ते म्हणाले नाहीत. हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक. तुह्या शब्दावर पिल्लं आणतो. पण एकदा हलगर्जी दिसली, का शेडले कुलूप. मंग मले काही समजावू नको."

खरं सांगायचं तर सुमेधाला पिल्लांपेक्षाही तो "तुह्या शब्दावर" जास्त आवडला. आई आरोग्य उपकेंद्रात नर्स, ताई नागपूरला इंजिनियर, बाबांच्या हाताखाली चार माणसं. घरात शब्दाला वजन नव्हतं ते फक्त तिच्या. आता होतं.

ताईने, म्हणजे संघमित्राने, शेडसाठी भेट पाठवली. तिची कंपनी बनवत असलेलं यंत्र, नाव "सोबती". उपड्या वाडग्यासारखं, पांढरं, आढ्याला टांगायचं. त्याच्याबरोबर त्यालाच तारेने जोडलेली एक छोटी मोटर आली. खाद्याची भांडी एका दोरीला बांधून ती मोटरने खालीवर करायची, बटण दाराशी.

सोबतीचं मुख्य काम होतं ऐकणं. कोंबडी आजारी पडली की दिसायला दोन दिवस जातात, पण ऐकू लगेच येतं. थंडी वाजणाऱ्या पिल्लाचा चिवचिवाट उंच, तुटक असतो. श्वासनलिकेत चिकटा धरला की श्वासाबरोबर बारीक घुर्र येते, पाण्यातून बुडबुडा यावा तशी. हजारो आवाजांच्या कलकलाटातून माणसाला हे वेगळं काढता येत नाही, यंत्राला येतं. ते प्रत्येक आवाजाची पट्टी, लांबी, थरथर मोजतं आणि आपल्याकडे साठवलेल्या आजारी-निरोगी आवाजांशी ताडून पाहतं. एका सकाळी सोबतीने मोबाइलवर कळवलं: "उत्तरेच्या कोपऱ्यात घुरघुर." सुमेधाने जाऊन पाहिलं तर पाण्याचं भांडं ठिबकत होतं, तूस ओलं. तिने तूस बदललं, पडदे वर केले, डॉक्टरांना विचारून औषध पाण्यातून दिलं. एकही पिल्लू गेलं नाही. बाबांनी दोन दिवस चहा पिता पिता शेजारच्या पंचफुलाकाकूंना ही गोष्ट ऐकवली.

सोबती बोलायचाही. ब्रॉयलरची पिल्लं यंत्रात उबवलेली, त्यांनी आई पाहिलेलीच नसते. म्हणून तो त्यांना कोंबडीची कुडकुड ऐकवायचा. त्याने ती शांत होतात, चरतात.

"तुझ्यापेक्षा बरा गातो," बाबा म्हणाले.

"माझ्या हाकेला येतात तशी त्याच्या कुडकुडीला येतात का, बघा," सुमेधा म्हणाली, आणि तिचं खरं होतं.

दोन-तीन बॅचेस अशा पार पडल्या आणि एप्रिल आला. पूर्वी म्हणे मेमध्ये तापायचं, सुमेधाच्या वेळी मार्च संपतानाच पत्रा हात लावू देत नव्हता. उन्हाळ्यात तिचा एक नियम होता आणि तो तिने दारावर खडूने लिहिला होता: ऊन चढलं की भांडी वर, ऊन उतरलं की भांडी खाली. कारण सोपं आहे. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते. आपल्याला घाम येतो, कोंबडीला येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा पंखा. त्यातून ब्रॉयलरचा सगळा पिंड छातीच्या मांसाचा, आणि हृदय त्या मानाने चिमुकलं, ट्रकला स्कूटरचं इंजिन लावावं तसं. भर उन्हात पोटभर खाल्लं की ते बंद पडतं. म्हणून दुपारी उपाशी ठेवायचं, थंड पाणी द्यायचं, पोती भिजवून खिडक्यांना लावायची. सकाळच्या शाळेला जाण्याआधी ती भांडी वर ओढायची, आणि दुपारी आल्यावर पोती भिजवायची.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मैत्रिणीकडे थांबली, विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता रंगवायला. पोती भिजवायचं बाबांनी कबूल केलं होतं, ते सुट्टीवर होते. घरी आली तर बाबा शेडच्या दारात उभे होते आणि शेडमधून काहीच आवाज येत नव्हता.

कोंबड्या उताण्या पडल्या होत्या, पाय आकाशाकडे. भिंतीकडेला काही जिवंत, पंख पसरून, चोची उघड्या. बाबांच्या हातात एक मेलेली होती आणि ते तिच्या गळ्याखाली बोटांनी चाचपत होते.

"हात लाव," ते म्हणाले.

तिने हात लावला. गळ्याखालची पिशवी खाद्याने टच्च भरलेली होती. दुसरीची तशीच, तिसरीची तशीच.

"मी भांडी वर केली होती, बाबा. सकाळीच."

"आता तर खाली हायेत."

होती. चारही ओळी खाली.

"तुम्ही..."

"मी पोती भिजवून भाताच्या बांध्यांकडं गेलो. तू आली होती का मधात?"

"नाही ना. मी रेणूकडे होते."

कुंपणापलीकडून पंचफुलाकाकू बोलल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी आणून बोलल्या. "पोरीले बोलू नका, होमराजभाऊ. लेकरू आहे, विसरलं असन. पण सुमे, मी माह्या कानानं आयकलं व. तू येऽऽ टुर्र टुर्र करून राहिली होती. मी म्हटलं, एवढ्या उन्हात काहून खाऊ घालून राहिली ही?"

"काकू, मी नव्हते."

"तुहा आवाज मी वळखत नाही का?"

गावात कुणीही ओळखला असता. आयुष्यात पहिल्यांदा सुमेधाला वाटलं, आपला आवाज दहाजणींसारखा गोड असता तर बरं झालं असतं.

तिने रेणूला फोन लावून दिला. रेणू म्हणाली, हो काका, इथेच होती. मग खरेपणाने म्हणाली, मधे रंग आणायला गेली होती थोडा वेळ. झालं. बाबांनी फोन परत दिला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला भांडता आलं असतं.

"चुकली तर चुकली म्हणावं," ते म्हणाले. "कोंबड्या काय, मरतात. माह्याही मेल्या. पण मी खोटं नाही बोललो."

ते घमेलं आणायला गेले.

तिने ताईला व्हिडिओ कॉल लावला. ताई होती ना. लहानपणापासून बाबांच्या रागाच्या आणि सुमेधाच्या मधे उभी राहायची ती ताईच. सुमेधाने रडत, शिंकरत सगळं सांगितलं: भरलेल्या पिशव्या, खाली आलेली भांडी, काकूंनी ऐकलेली हाक. "ताई, मशीनमध्ये बघ ना. मोटर कुणी चालवली ते कळेल ना तुला?"

ताई स्क्रीनबाहेर कुठेतरी बघत म्हणाली, "सुमे, तू थकली असशील. सकाळी घाईत भांडी वर करायचं राहूनही जातं कधीकधी. होतं असं. बाबांना सॉरी म्हणून टाक, विषय संपेल."

ताई खोटं बोलताना डाव्या भुवईवर बोट फिरवते. आता फिरवत होती.

सुमेधाने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिचं रडणं थांबलं. रडायला समोर आपलं कुणीतरी लागतं.

रात्रभर विचार करावा इतकं काही ते अवघड नव्हतं. हाक तिची, ती तिथे नाही. मग हाक कुठे साठवलेली होती? दिवाळीच्या सुट्टीत ताई आली होती. शेडच्या दारात मोबाइल धरून म्हणाली होती, "परत एकदा हाक मार ना, सुमे. नागपूरला घरची आठवण आली की ऐकीन." आणि सुमेधाने लाजतलाजत, फुलून जाऊन, पाचसहा वेळा हाक मारली होती. माझा आवाज कुणाला तरी आठवणीसाठी हवाय, म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने शाळा बुडवली. भांड्यांतलं सगळं खाद्य काढून घेतलं आणि रिकामी भांडी वर ओढली. ऊन चढल्यावर बाबांना शेडमध्ये बोलावलं, कुंपणाशी काकूंनाही.

"काय आता?" बाबा म्हणाले.

तिने तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं. गाल फुगवून, दोन्ही हात बाबांच्या हातात देऊन उभी राहिली. बाबांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. वाचलेल्या कोंबड्या धापा टाकत पडून होत्या. घाम तिच्या मानेवरून ओघळत होता आणि पाणी तोंडात गरम होत चाललं होतं.

मग आढ्यावरून तिचा आवाज आला. "येऽऽ टुर्र टुर्र, ती ती ती."

मोटर घरघरली. भांडी खाली आली. आणि त्या अर्धमेल्या कोंबड्या, ज्यांना उठवत नव्हतं त्याही, उठल्या. छाती ओढत, पंख टेकत, आवाजाकडे निघाल्या.

सुमेधाने पाणी बाहेर टाकलं. "माझा शब्द," ती म्हणाली.

बाबांनी तिचे हात सोडले नाहीत. "अगं माय," कुंपणाशी काकू पुटपुटल्या. बाबांनी मग स्टूल ओढलं, पाना शोधला आणि सोबती खाली काढायला चढले. सुमेधाच म्हणाली, "थांबा. आधी ताईला बोलावून घ्या."

संध्याकाळी ताई आली. बॅगही खाली न ठेवता म्हणाली, "मी सांगणारच होते."

"कधी?" बाबा म्हणाले.

ताई सांगत गेली. सोबती एका शेडमध्ये शिकतो ते सगळ्या शेडमध्ये वापरतो. कंपनीने शेकडो आवाज तपासले: कोंबडीची कुडकुड, शिट्ट्या, वाद्यं. ताईने सहज म्हणून बहिणीची हाक टाकून पाहिली, आणि पिल्लं तिला सर्वांत जास्त वश झाली. का, ते कुणालाच धड कळलं नाही. कदाचित तिच्या आवाजातली जी घोगरी थरथर शाळेला नकोशी होती, तीच कोंबडीच्या घशातल्या थरथरीशी जुळत होती. मोठ्या शेडमध्ये दुपारीही गारवा असतो, तिथे दुपारी हाक दिली की वजन वाढतं. म्हणून नव्या अपडेटमध्ये दुपारची हाक आली आणि ते अपडेट घरगुती शेडमध्येही गेलं. पत्र्याच्या, बिनपंख्याच्या.

"म्हणजे काल दुपारी सगळीकडे..." सुमेधा म्हणाली.

"बऱ्याच ठिकाणी."

"माझ्या आवाजात."

ताईने बॅग खाली ठेवली.

"तुला कधी कळलं? घरगुती शेडमध्ये जाणार हे?"

"आदल्या संध्याकाळी."

"मग फोन का नाही केलास?"

"सकाळी मीटिंग होती, सुमे. ते आवाजाचं काम माझ्या नावावर आहे. मला वाटलं, एका दिवसात काय होतंय, वरती सांगून थांबवू. आणि मग तुझा फोन आला, आणि मी..." बोट भुवईकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"आणि तू म्हणालीस, सॉरी म्हणून टाक."

बाबा उठून बाहेर गेले. पोरींपैकी कुणाच्या बाजूला बसावं, हे त्यांना कळेना.

"आता थांबव," सुमेधा म्हणाली.

"सांगितलं गं मी. ते म्हणतात, घरगुती शेडमधलं ऊन ही पाळणाऱ्याची जबाबदारी. पुढच्या अपडेटमध्ये बघू. एक आवाज उगाच काढता येत नाही. तो आपोआप निघतो, फक्त..." ताई अडखळली. हे ती चुकून बोलली की ठरवून, ते सुमेधाला पुढेही कळलं नाही. "प्रत्येक आवाजाचं एक माहेर असतं. आम्ही गमतीने म्हणतो तसं. जिथे तो पहिल्यांदा रेकॉर्ड झाला ती शेड. तिथे यंत्र रोज तपासतं, किती पक्षी उठले, किती पावलं वाजली. माहेरीच आवाजाला कुणी उठेनासं झालं तर तो खराब झाला असं समजून सगळीकडून काढून टाकतं. पण तुझ्या हाकेला इथल्या कोंबड्या न उठणं शक्य आहे का?"

बाबांनी त्या आठवड्यात सोबती लावलेल्या जमेल त्या पोल्ट्रीवाल्याला फोन केले. काहींनी भांडी रिकामी ठेवली. बाकीचे म्हणाले, होमराजभाऊ, तुमच्या पोरीची हलगर्जी आमच्या कानावर आली आहे, मशीनला कशाला दोष देता. काकूंचा पहिल्या दिवशीचा शब्द काकूंच्या दुसऱ्या दिवशीच्या शब्दापेक्षा फार पुढे निघून गेला होता.

सोबतीला काढून फेकणं सोपं होतं. सुमेधाने तो आढ्यालाच राहू दिला.

पहाटे गारव्यात ती शेडमध्ये गेली. रिकामी भांडी वर होती. तिने हाक मारली. "येऽऽ टुर्र टुर्र, ती ती ती." वाचलेल्या कोंबड्या धावल्या, पायांशी गोळा झाल्या, माना वर करून बघत राहिल्या. तिने काहीच दिलं नाही. पाठ फिरवून बाहेर आली. जरा वेळाने पुन्हा गेली, पुन्हा हाक मारली, पुन्हा काही दिलं नाही. त्या ताटकळत उभ्या. एकीने तिच्या चपलेच्या पट्ट्यावर चोच मारून पाहिली, तिथे तरी काही आहे का म्हणून.

खाणं त्यांना मिळत होतं, पण मुक्याने. तोंडावर रुमाल बांधून, एक अक्षर न बोलता भांडी भरून खाली सोडायची. हाकेला मात्र कधीच नाही. हाक म्हणजे रिकामं, हे त्यांना शिकवायचं होतं.

"हे काय करून राहिली?" रजा टाकून घरी थांबलेल्या ताईने दारातून विचारलं.

"तू केलंस तेच," सुमेधा म्हणाली. "खोटी हाक मारतेय."

"सुमे, तो आवाज निघाला तर माझी नोकरी जाईल, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

ताई तिथेच उभी राहिली. मोटरचं बटण तिच्या हाताशी होतं, भांडी खाली सोडून सगळं मोडता आलं असतं. तिने हात लावला नाही. मदतही केली नाही.

आधी मागच्या रांगा यायच्या थांबल्या. मग पुढच्या अर्ध्या वाटेवर थबकायला लागल्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि परत तुसात बसायच्या. सुमेधाला हाक मारताना घसा दुखायला लागला होता, तरी ती तितक्याच प्रेमाने मारायची. जराही खोटी वाटली असती तर शिकवण खोटी ठरली असती. दुपारी आढ्यावरून तीच हाक यायची, रिकामी भांडी खाली यायची, आणि यंत्र पावलं मोजत राहायचं.

एका दुपारी हाक आली आणि एकही पाऊल वाजलं नाही. सोबतीने पुन्हा हाक दिली, जरा मोठ्याने. एका कोंबडीने डोळ्यावर पातळ पापणी ओढली.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेला शेड शांत होती. तिसऱ्याही. ताईचा मोबाइल वाजला, तिने वाचला आणि तो टेबलावर पालथा ठेवला. "काढला," ती म्हणाली. "सगळीकडून." मग ती आत जाऊन बॅग भरायला लागली, आणि सुमेधा तिला थांब म्हणाली नाही.

ऊन उतरल्यावर सुमेधा शेडमध्ये गेली. आता रुमालाची गरज नव्हती. तिने तो सोडला, दाराशी उभी राहिली, आणि जशी पहिल्या दिवसापासून मारायची तशी हाक मारली. कुणी मान वळवली नाही. तिने बटण दाबलं. मोटर घरघरली, भरलेली भांडी खाली आली, आणि कोंबड्या उठून धावत सुटल्या, तिच्या दोन्ही पायांना वळसा घालून, वाटेत खांब असावा तशा.